शेअर काढले, किंमत शून्य

मी एक नोंद बोलते आहे. वहीतली नव्हे, संगणकातल्या हिशेबाची. माझ्यात मजकूर फार नाही. एक तारीख, रंग तयार करणाऱ्या एका कंपनीचे नाव आणि त्यापुढे एवढेच: 'शेअर काढले, दोनशे. किंमत शून्य.' कोणी काढले, कुठे नेले, हे माझ्यात लिहिलेले नाही. लिहिणार कोण? मला कुणी हाताने लिहिलेच नव्हते.

आधी काही घडते, मग त्याची नोंद होते, अशी जगाची रीत आहे. कुणी विकत घेतो, मग खरेदी लिहिली जाते. कुणी विकतो, मग विक्री लिहिली जाते. माझ्या बाबतीत क्रम उलटला. काहीही घडले नव्हते आणि मी जन्मले. जे घडले, ते माझ्यानंतर.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत झाला. खोली म्हणजे काचेच्या दाराआडची अरुंद जागा. एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्याच्यासमोर उंच खुर्ची, बाजूला भिंगांची पेटी आणि कोपऱ्यातल्या मेजावर संगणक. दुकानाच्या मालकांना सारे दादा म्हणत. ते पापभीरू, वक्तशीर आणि शब्दाचे पक्के होते. सकाळी देवाचे नाव घेतल्याशिवाय शटर वर जात नसे. शेजारचे लोक त्यांच्या सचोटीची शपथ घेत. दादांना स्वतःलाही आपल्या सचोटीची खात्री होती. माणसाचा घात पुष्कळदा तेथूनच सुरू होतो.

दादांचा एक पाठचा भाऊ होता. तो लिफ्ट दुरुस्त करी. त्याला सारे धाकटा म्हणत आणि त्याच्या बायकोला धाकटी. या दोघा भावांच्या आईने जाताना राहते घर विकून पैसे ठेवले होते. ते दोघांच्या नावावर एका रंगाच्या कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवले गेले. दोघांपैकी कुणाचीही एकट्याची सही चालेल, अशी व्यवस्था आईनेच करून घेतली होती. "तुम्ही दोघं म्हणजे एकच हात," ती म्हणे. हिशेब ठेवण्याचे काम थोरल्याकडे आले. धाकट्याने खाते कधी उघडूनही पाहिले नाही. "दादा बघतोय ना," एवढे त्याला पुरे होते.

दादांनी घरच्या हिशेबासाठी संगणकात एक प्रोग्राम घेतला होता. ब्रोकरकडचा खात्याचा उतारा हा प्रोग्राम स्वतःच उतरवून घेई आणि आपल्याजवळच्या आकड्यांशी ताडून पाही. खरेदी, विक्री, लाभांश ही रोजची कामे तो निमूट करी. काही वेगळे आले, तर मात्र अडे आणि मालकाला विचारी.

एकदा असेच वेगळे काही आले. रंगाच्या कंपनीने आपला वार्निशचा धंदा तोडून त्याची निराळी कंपनी केली आणि जुन्या प्रत्येक शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर दिला. दोनशे होते, त्याबरोबर आणखी दोनशे आले, पण ते दुसऱ्या कंपनीचे. नव्या कंपनीचे नाव जुन्यासारखेच लांबलचक होते. फक्त शेवटचा शब्द निराळा. पडद्यावरचा नावाचा रकाना अरुंद होता. त्यात तो शेवटचा शब्द मावलाच नाही.

त्या वेळी उंच खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ चाचणीची जड फ्रेम नाकावर सांभाळत बसले होते. दादा भिंग फिरवून विचारत होते.

"हे बरं, की हे?"

"पुन्हा दाखवा."

"हे... की हे?"

"दोन्ही सारखंच दिसतंय बुवा."

"बास. दोन्ही सारखं दिसलं की नंबर बरोबर. झालं तुमचं काम."

त्यांच्या धंद्यात हे खरेच होते. भिंग इकडे फिरवा, तिकडे फिरवा, डोळ्याला फरक वाटेनासा झाला की तपासणी संपली. उभे आयुष्य त्यांनी या कसोटीवर काढले होते. गृहस्थ फ्रेम काढून डोळे पुसू लागले, तेवढ्यात दादा पडद्याकडे वळले. प्रोग्राम विचारत होता: हे नाव यादीत नाही. यादीतले हे दुसरे नाव आणि हे एकच आहे का? दादांनी दोन्ही नावे पाहिली. दोन्ही सारखी दिसली. त्यांनी 'हो' दाबले.

झाले. वार्निशचे दोनशे शेअर रंगाच्या खात्यात जमा झाले. लगेच प्रोग्रामने दुसरा प्रश्न केला: तुमच्या हिशेबात या कंपनीचे चारशे शेअर आहेत, ब्रोकरकडे दोनशेच. जुळवणीची नोंद घालू का?

बाहेर गिऱ्हाईक फ्रेमची किंमत विचारत होते. दादांनी पुन्हा 'हो' दाबले.

त्या 'हो'मधून मी जन्मले. हिशेब जुळला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. यंत्राला एकदा दिलेले उत्तर ते कायमचे मानते. त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

वर्ष सरत आल्यावर दादा खात्याचा आढावा घ्यायला बसले. वरची ओळ त्यांनी वाचली: शेअर जमा, दोनशे. कंपनीने बोनस म्हणून फुकट शेअर दिले, असे त्यांना वाटले आणि ते सुखावले. मग खालची ओळ वाचली. ती मी. त्याच तारखेला दोनशे शेअर काढलेले, बदल्यात पैसा नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली. आपण काढले नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. सही करणारे दोघेच होते; दुसऱ्याने ते काढून बाहेर विकले असतील, तर पैसा इथे दिसणारच नाही. दादांनी पडदा बंद केला. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुकानात मदतीला होत्या. त्यांनी विचारले, "काय झालं?" दादा म्हणाले, "काही नाही."

ब्रोकरला विचारायला हवे होते. कागदी उतारा मागवायला हवा होता. दोन्ही गोष्टी त्या दिवशीही सोप्या होत्या. पण संशयाची एक खोड आहे. त्याला पुरावा शोधायचा नसतो, त्याला पुरावा चालत येताना दिसतो.

तो दुसऱ्याच दिवशी आला, तोही चार चाकांवर.

गल्लीत भोंगा वाजला. धाकटा एक जुनी मालवाहू गाडी घेऊन आला होता. शेजारी धाकटी बसली होती. आजवर अवजारांचे ओझे खांद्यावर घेऊन तो इमारतीमागून इमारती हिंडत असे.

"दादा! ए दादा! बाहेर ये. तुझं गिऱ्हाईक काही पळून जात नाही, त्याला दिसत असतं तर इथं आलं असतं का?" मग वहिनींकडे पाहून, "वहिनी, पुढं तुम्ही बसायचं. दादाला मागं टाकू, सामानात."

"भाऊजी, आधी ब्रेक लागतात का ते दाखवा."

"ब्रेक पक्का लागतो वहिनी. भोंगा तेवढा थांबत नाही."

वहिनी हसल्या. दादा मागच्या खोलीतून उठले नाहीत. धाकटाच आत आला. "काय रे, बरं नाही का?"

"गाडीला पैसे कुठून आले?"

"आले कुठून तरी. पळते कशी ते विचार."

"मी पैशांचं विचारतोय."

धाकट्याने वळून बायकोकडे पाहिले. ती दारात उभी होती. तिने मान किंचित हलवली. सांगू नका, असा त्याचा अर्थ. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तरी घेण्यापूर्वी क्षणभर तिची मनगटे उघडी दिसली. सासूने लग्नात घातलेल्या सोन्याच्या बांगड्या त्यांवर नव्हत्या. वहिनींनी ते पाहिले. पाहिले आणि काचेवरच्या फ्रेमा नीट लावू लागल्या.

दादांनी पडदा भावाकडे फिरवला आणि माझ्यावर बोट ठेवले. "हे वाच. आईच्या पैशातले दोनशे शेअर काढलेत. सह्या दोघांच्याच आहेत. मी काढले नाहीत."

"मग?"

"मग तू बोल."

धाकट्याने मला वाचले. त्याला त्यातले काही कळले नसावे. पण भावाचा चेहरा कळला. "दादा, तू विचारतोयस की सांगतोयस?"

"देवाला स्मरून सांग, तू नेले नाहीस."

"देवाला कशाला त्रास?" त्याचा आवाज खाली आला. "माझा शब्द तुला पुरत नसेल, तर देवाचं नाव घेऊन तो मोठा होणार आहे का?" मग बायकोला म्हणाला, "चल गं."

गाडी गेली. जाताना भोंगा वाजला नाही.

त्यानंतर धाकटा त्या दुकानाची पायरी चढला नाही. पूर्वी तो दुकान बंद करायच्या वेळी येई, शटरवर पान्याने ठोकी आणि ओरडे, "चला, डोळे मिटा आता." दरवर्षी एकदा तोच शटरच्या कडांना तेल देई. आता तेल देणारा नव्हता. शटर आधी कुरकुरू लागले, मग किंचाळू लागले. वहिनी म्हणाल्या, "कुणाला तरी बोलवा." दादा म्हणाले, "चालतंय." वहिनींनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्या घरात न बोललेल्या गोष्टींची रास वाढत होती.

संध्याकाळी गिऱ्हाईक संपले की दादा संगणक उघडत आणि मला वाचत. दुसरे काम नसे. त्या ओळीत वाचण्यासारखे होते तरी काय? पण ते वाचत राहत. कधी बोट ठेवून हळूच विचारत, "कुठं गेले?" त्यांना ऐकू जाईल अशी वाचा मला असती तर मी सांगितले असते: कुठेही गेले नाहीत, याच खात्यात बसले आहेत, रकाना ओढून रुंद करा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे झाले होते. पण नोंदीला विचारून काय उपयोग? जिवंत माणूस चार गल्ल्यांपलीकडे राहत होता.

मध्येच ते मान वर करून शटरकडे पाहत. ठोका पडल्यासारखे त्यांना वाटे. बाहेर कुणी नसे. वहिनीही त्याच क्षणी तिकडे पाहत. मग दादा पडद्याकडे वळत आणि वहिनी फ्रेमांकडे.

हिवाळ्याच्या एका सकाळी निरोप आला. धाकटा झोपेतच गेला. दादा गेले, पण फाटकापाशीच उभे राहिले. आत जावे तर कोणत्या तोंडाने, आणि न जावे तर कोणत्या काळजाने, असे त्यांना झाले असावे. परत आल्यावर त्यांनी स्नान केले, दुकान उघडले, मला उघडले. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारले नाही. नुसते पाहत राहिले. आता उत्तर देणारा कुणी उरला नव्हता. माझी सावली त्या खोलीत तेव्हापासून अधिक गडद झाली. अक्षरांच्या तक्त्यासमोर गिऱ्हाइकाला बसवून दादा विचारत, "हे बरं, की हे?" आणि त्याचे उत्तर ऐकायचेच विसरत. शटर तर रोज वाजे. सकाळी वर जाताना एकदा, संध्याकाळी खाली येताना एकदा, आणि मधल्या वेळेत न वाजताही.

भावाचे नाव खात्यावरून कमी करणे भाग होते. त्यासाठी ब्रोकरकडून कागदपत्रे आली, त्यांत खात्याचा छापील उतारा होता. दादांची लेक त्यासाठी येऊन बसली. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करी आणि बापाला भीत नसे.

"बाबा, इथे दोन कंपन्या आहेत."

"एकच आहे. नाव दोनदा छापलंय."

"दोन आहेत."

"अगं, इतकी वर्षं मी बघतोय."

लेक उठली. अक्षरांच्या तक्त्याशेजारी तिने तो कागद धरला आणि वडिलांना उंच खुर्चीवर बसायला सांगितले. "वाचा. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द."

दादांनी वाचला. रंग.

"आता खालच्या ओळीचा."

दादा खुर्चीवरून पुढे वाकले. ओठ तेवढे हलले. मग शब्द बाहेर आला. वार्निश.

"सारखं आहे का?"

"नाही," दादा म्हणाले.

लेकीने मग संगणकातला नावाचा रकाना ओढून रुंद केला आणि सारे उलगडून सांगितले. कंपनीचे दोन भाग झाले. बोनस नव्हताच. 'एकच आहे का' या प्रश्नाला तुम्ही 'हो' म्हणालात, म्हणून नवे शेअर जुन्यात मिसळले. मग आकडा जमेना, तेव्हा प्रोग्रामने ही ओळ घालून तो जमवला. तुम्हीच परवानगी दिलीत.

"मग काढले कुणी?"

"कुणीच नाही, बाबा. ते इथेच आहेत. आजही."

दादा खुर्चीवरून उतरले नाहीत. ती खुर्ची उंच असते आणि तिच्यावर बसलेल्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तो म्हणाला होता, विचारतोयस की सांगतोयस."

सहीसाठी धाकटी दुकानात आली. दादा उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी तिच्यासमोर हात जोडले. "माझी चूक झाली. त्यानं काही नेलं नव्हतं."

"मला माहीत होतं, दादा." ती बसली. "तुम्हाला कळलं, बरं झालं."

"तो एक शब्द बोलला असता..."

"कसे बोलतील? मीच हात धरला होता. आईंच्या बांगड्या मोडून गाडी घेतली, हे तुमच्यासमोर सांगायची मला लाज वाटली. म्हटलं, थोडे पैसे आले की तशाच घडवू, मग सांगू." तिने वहिनींकडे पाहिले. आवाज चढला नाही. "आणि वहिनी, तुम्ही तर माझे हात पाहिले होते."

वहिनींच्या हातात एक फ्रेम होती. ती त्यांनी काचेवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "पाहिले होते," त्या म्हणाल्या.

दादांनी पत्नीकडे पाहिले. रागावण्याचा अधिकार त्यांना उरला नव्हता, आणि ते त्यांना कळत होते.

"नव्या कंपनीचे सगळे शेअर तू घे," ते धाकटीला म्हणाले. "जुन्यांतलेही घे."

"निम्मे आमचे आहेत. ते घेईन. जास्त दिलंत तर ते दान होईल. दान घेण्यासारखं आमच्या घरात काही चुकलेलं नाही." तिने सही केली, पेन बंद करून दिले आणि दारापर्यंत जाऊन थांबली. "शटर फार वाजतं हो तुमचं. हे म्हणायचे, दादाचं शटर माझ्याशिवाय कुणाला ऐकायचं नाही." ती गेली.

लेक हिशेब दुरुस्त करायला बसली. खोटी जमा तिने पुसली. नव्या कंपनीला तिचे स्वतःचे नाव दिले आणि आईच्या मूळ रकमेचे दोन भाग करून दोन्हीकडे रीतीने लिहिले. मग तिची नजर माझ्यावर आली. "आता ही पुसते. म्हणजे काही झालंच नव्हतं असं दिसेल."

"पुसू नकोस."

"बाबा, ही राहिली तर आकडा जुळणार नाही."

"आकडा काढ. ओळ राहू दे." दादांनी तिला उठवले आणि स्वतः बसले. दोनशे पुसून त्यांनी तेथे शून्य घातले. मग माझ्या शेरा लिहायच्या जागेत एकेक अक्षर शोधत लिहिले: 'माझ्या भावाने यातले काहीही नेले नव्हते.' ती जागाही अरुंद. वाक्य अर्ध्यात तुटले. दादांनी रकान्याची कड धरली आणि शेवटचा शब्द स्वच्छ दिसेपर्यंत ती ओढत नेली. लेक मध्ये पडली नाही.

तेव्हापासून मी अशी आहे. काही काढत नाही, काही घालत नाही. नसलेल्या गोष्टीची नोंद म्हणून जन्मले, आता नसलेल्या माणसाची साक्ष म्हणून उरले. माझ्यावाचून हिशेब पूर्ण आहे, आणि तरीही रोज संध्याकाळी मला उघडले जाते.

वाचकहो, तुमच्याही घरात असे प्रोग्राम असतील आणि तेही विचारतील: जुळवून टाकू का? हो म्हणण्यापूर्वी थांबा. न जुळणारा आकडा हे पाप नव्हे, तो प्रश्न आहे. त्याला जुळवू नका, त्याला विचारा. आणि आकड्यांना विचारून झाले, की माणसालाही विचारा. पण उत्तर मनात ठरवून विचारू नका. देवाच्या दरबारात जुळवणीची नोंद नसते. तेथे जे जसे घडले तसेच वाचून दाखवतात, आणि तेथला रकाना अरुंद नसतो.

आता संध्याकाळ झाली आहे. वहिनी काचेवरच्या फ्रेमा पुसत आहेत. शटरला अजून तेल दिलेले नाही. दादा देऊ देत नाहीत. ते माझ्यासमोर बसले आहेत. वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात, मान वर करतात आणि ठोक्याची वाट पाहतात.